आजीचे शब्द, आईचं कन्नड

साताऱ्याची आजी, म्हणजे वडिलांची आई, बंगळूरला आमच्याकडे एकदाच राहायला आली. पहिल्या दिवसापासून ती मला आवडली नाही, आणि तिलाही मी आवडले नाही. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी दहा वर्षांची, धाकटी बहीण सहाची. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आई धारवाडची, त्यामुळे तिला कन्नड मराठीइतकंच सहज यायचं. आजीला नेमकं तेच खुपायचं. आई दूधवाल्याला कन्नडमध्ये "स्वल्प जास्ती हाकि", म्हणजे थोडं जास्त घाला, एवढं म्हणाली, तरी आजी आतून ओरडायची, "मराठी माणसाच्या घरात राहतेस ना?"

नवरात्र चालू होतं. शनिवारी वडील दुपारी घरी आले आणि आम्ही सगळे लालबागेत गेलो. आईने चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणि दहीभात बांधून घेतला होता. काचघराजवळ हिरवळीवर डबे उघडले. आजीने चित्रान्नाचा एक घास घेतला. "शिळा भात फोडणीला टाकलाय," ती म्हणाली आणि पान उचलून सगळा भात कावळ्यांपुढे टाकला. आई पहाटे पाचला उठली होती. वडील मान खाली घालून जेवत राहिले. मला त्यांचाही राग आला.

परतताना फाटकाशी फुलवालीने आम्हाला गजरा हाताने मोजून दिला. "हात आखडून मोजते लुच्ची," आजी म्हणाली. फुलवालीने संशयाने विचारलं, "अज्जी एनु हेळतारे?" काय म्हणतात आजी? आई हसून कन्नडमध्ये म्हणाली, "फुलं छान आहेत म्हणतात." फुलवालीने खूश होऊन दोन फुलं जास्त दिली.

बसमध्ये मी आईच्या कानाला लागले. "खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगून काय होणार होतं? त्या फुलवालीचा दिवस खराब झाला असता."

आठवडाभर आई हेच करत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दूधवाला, मोलकरीण, शेजारी, सगळ्यांना वाटायचं अज्जी फार गोड आहेत.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोन घरं पलीकडे राहणाऱ्या अक्कांकडे बाहुल्या बघायला गेलो. तिकडे दसऱ्यात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि बायका-मुलं त्या बघायला जातात. अक्कांकडे सात पायऱ्या होत्या. गल्लीतल्या चार-पाच बायका आधीच बसलेल्या. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी. "माझ्या आईने लग्नात दिलेली जोडी," अक्का म्हणाल्या. आईने ते आजीला मराठीत सांगितलं.

"हिच्या आईने काय दिलं?" आजी मोठ्याने म्हणाली. "पाच भांडी. आणि हिने काय दिलं, तर दोन पोरी. माझ्या मुलाचं वाटोळं केलं. कायदा आडवा आला, नाहीतर दुसरी सून कधीच आणली असती."

अक्कांनी हसत आईकडे बघितलं. "अज्जी काय म्हणाल्या?"

आईने आधी आम्हा दोघींकडे बघितलं. मग तिने कन्नडमध्ये सगळं सांगितलं. पाच भांडी, दोन पोरी, वाटोळं, दुसरी सून. आवाज चढवला नाही, एक शब्द गाळला नाही. मी बहिणीचा हात घट्ट धरला. तिला सगळं कळत होतं.

अक्कांनी हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण आजीसमोर ठेवला आणि आईला म्हणाल्या, "त्यांना सांग, मलाही दोन मुलीच आहेत. त्यांनीच ह्या बाहुल्या मांडल्यात."

आईने तेही जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आजीचा चेहरा लाल झाला. द्रोणाला हात न लावता ती उठली आणि एकटीच घरी निघाली. आई उठली नाही. तिने उसळ खाल्ली, आम्हालाही खाऊ दिली. अक्कांनी तिला आणखी वाढली.

घरी वडील दारातच उभे होते. "परक्या लोकांत माझ्या आईची शोभा केलीस?"

"मी माझा एकही शब्द घातला नाही," आई म्हणाली. "त्यांचेच शब्द होते."

"माफी माग."

"नाही मागणार."

दसऱ्यापर्यंतही न थांबता आजी मंगळवारी गाडीत बसली. वडील आईशी पंधरा दिवस बोलले नाहीत. आईही आपणहून बोलायला गेली नाही. त्यानंतर दर मे महिन्यात वडील आम्हा दोघींना साताऱ्याला न्यायचे. आई यायची नाही. तिथे आजी आम्हाला सगळ्यांच्या शेवटी वाढायची आणि मी मुद्दाम बहिणीशी कन्नडमध्ये बोलायचे, आजीकडे बघून हसायचे. तिला वाटायचं मी तिच्याबद्दलच बोलतेय. बहुतेक वेळा ते खरं असायचं.

मी पंधरा वर्षांची असताना आजी गेली. आई साताऱ्याला गेली, तेरा दिवस घरभर राबली, पण डोळ्यांतून पाणी काढलं नाही. मीही काढलं नाही.