गाडीला बोले, जावयाला लागे

अख्ख्या जालना जिल्ह्यात माझा सर्वांत जास्त अपमान ज्या माणसानं केला, त्यानं मला गेल्या वर्षापर्यंत एकही वाकडा शब्द बोललेला नव्हता. हे गृहस्थ म्हणजे माझे चुलत सासरे, वाटूर फाट्यावर चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. जावयाला बोलायचं नाही, ही रीत ते डोळ्यांत तेल घालून पाळतात आणि मनात साचलेलं सगळं माझ्या पिकअपला बोलतात. मी शेजारी उभा. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण शाळेत मी पाठ केली होती, पण तिचा अर्थ कळला तो त्यांच्या पत्र्याच्या शेडखाली. आणि याला माझी सक्त हरकत आहे! भांडायचं तरी कसं? ते म्हणणार, “जावईबापू, मी तुम्हाला काही बोललो का?”

बरं, मान इतका द्यायचा, की माझ्यासाठी जुन्या बसचं सीट झाडून त्यावर धुतलेला टॉवेल अंथरायचा, चहाचा कप दोन्ही हातांनी पुढं करायचा, आणि मी पहिला घोट घेतला की बॉनेटवर थाप मारून म्हणायचं, “काय गं भवाने, तेल बदलून किती दिवस झाले? लाज हाये का बिलकुल?” माझ्या घशात चहा अडकतो, गाडीला काय त्याचं! स्वतः मात्र हा माणूस कुणाच्या गाडीत बसत नाही. परतूरला जायचं तरी एसटी. कारण विचारलं तर म्हणाले, “गाडीच्या पोटात काय झालंय ते ठाऊक असल्यावर बसवत न्हाई.”

गेल्या वर्षी लेकीचं जावळ काढायला आम्ही टेंभुर्णीहून जांबला निघालो होतो. जालना सोडलं आणि साठच्या वर काटा गेला, की स्टेअरिंग हिवताप आल्यासारखं थडथडायचं. खरं तर ते महिनाभर थडथडत होतं आणि मी महिनाभर उपचार करत होतो. पुढचे टायर नवे टाकले. चाकांचं बॅलन्सिंग केलं. बायकोच्या समाधानासाठी लिंबू-मिरची बांधली. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ बघून स्टेअरिंग बॉक्सचा बोल्ट असा काही आवळला, की वळणावर फिरवलेलं चाक आपणहून सरळच होईना. वाटूरला बायको लेकीला घेऊन खाली उतरली ती कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. “काका हो म्हणले तरच लेकराला बसवीन. न्हाई तर मी चालले एसटीनं.” आता सांगा, घरधनी मी की काका?

काकांनी स्टेअरिंगला एक हिसका दिला आणि गाडीकडे बघून कळवळले, “कोण्या डॉक्टरनं तुझी मानगूट आवळली गं बाई? सगळी अक्कल पान्यातच हाये का त्याच्या?” मी निंबोळ्या मोजू लागलो. त्यांनी बोल्ट सैल केला, मला केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः गाडीखाली शिरले. त्यांची तपासणी एकच. वर कुणी स्टेअरिंग हळूच डावं-उजवं हलवायचं आणि खाली ते एकेका सांध्यावर बोटं ठेवून बसायचे. “डोळ्याला दिसत न्हाई ते बोटाला दिसतं,” हे त्यांचं पेटंट वाक्य. मी हलवत राहिलो. ते बाहेर आले, पुन्हा आत गेले. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा गाडीला काहीच बोलले नाहीत. बोटं पँटला पुसली, उन्हात धरून बघितली. कडुनिंबाखालून बायको म्हणाली, “काय काका, बसू का?”

काका तिच्याकडे न बघता माझ्याजवळ आले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “जावईबापू, माझ्या बोटाला आता काही लागंना. जरा खाली जाता का? मी वर बसतो.”

जावयाला, आणि मातीत! जावळासाठी खास शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यात! पण त्यांचा आवाज असा होता, की मी मुकाट्यानं आडवा झालो. दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांडीच्या टोकाला बॉलचा सांधा असतो, त्यावर बोटं ठेवली. डावीकडे काही नाही. उजवीकडे बोटाखाली बारीक ‘टक’. पुन्हा ‘टक’.

“लागलं का?”

“लागलं काका. उजवा बॉल खेळतोय.”

वरून स्टेअरिंग हलायचं थांबलं. मग काका उतरले, वाकले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट माझ्या तोंडावर ओरडले, “अरे गधड्या! महिनाभर गाडी थडथडतीय हे ठाऊक व्हतं आन् माझी पोर याच्यात बसवून आणली? सुटला असता म्हंजे?” बायको धावत आली. मी मातीत पडल्या पडल्या ऐकत होतो. आश्चर्य म्हणजे, मला राग आला नाही.

त्यांनी नवा सांधा बसवला, चाकं सरळ रेषेत लावली, मला शेजारी बसवून परतूर रस्त्यानं सत्तरपर्यंत गाडी नेऊन आणली. कुणाच्या गाडीत न बसणारा माणूस! मग कडुनिंबाकडे बघून म्हणाले, “बस गं पोरी.”

आता गाडी दोरी धरल्यासारखी सरळ धावते. काका मात्र पुन्हा टॉवेल अंथरतात, ‘जावईबापू’ म्हणतात आणि गाडीला झोडपतात. मी अधूनमधून वाटूरला वाट वाकडी करतो, स्टेअरिंग जरा ओढतंय म्हणून थाप मारतो आणि न सांगता सदरा काढून गाडीखाली शिरतो. ते वर बसून विचारतात, “लागलं का?” काहीच लागत नसतं. तरी मी मुद्दाम थोडा वेळ गप्प राहतो. न जाणो, एखाद्या वेळी पुन्हा ‘गधड्या’ म्हणतील.