सगळ्यांचा मामा

इस्पितळाच्या धुलाईखात्यात ताईने उभी हयात चादरी पिळल्या. आई गेल्यावर धाकटा भाऊ तिच्याच दोन खोल्यांत राहिला, तो आयता बसूनच. नोकरी धरायची नि आठवड्यात सोडायची. "हात धड आहेत तोवर माणसानं राबावं. नाहीतर तो जगाला भार," ताई सुनवायची. तो हसून ताट पुढे ओढायचा.

मग ताईची पाठ धरली आणि डॉक्टरांनी तिला घरी झोपवलं.

पहिल्याच सकाळी दारावर थाप पडली. आपली चौकशी करायला कोणी आलं असेल म्हणून ताईने केस सारखे केले. दारात शेजारीण होती. "मामा आहेत का?" मागोमाग दूधवाला आला, मग शाळकरी पोरी. सगळ्यांना मामाच, म्हणजे तिचा भाऊच, हवा होता. ताईच्या पाठीपेक्षा पोटातच जास्त दुखू लागलं.

दुपारी ती भिंतीला धरून खिडकीशी गेली. खाली अंगणात तिचा भाऊ शिंपीकाकांची दाढी करत होता. काकांचं अर्धं अंग लुळं पडलेलं. काका काहीतरी बोलले आणि दोघं खो खो हसले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या ताटातलं खाऊन हा लोकांना लळा लावतो!

तो वर येताच ती कडाडली, "पगार देतात का रे तुला?"

"पगार कशाचा? काकांना एकटं वाटतं."

"आणि मला? मला कधी विचारलंस?"

तो गोंधळला. "तू घरी असायचीस कुठे, ताई? आलीस की भिंतीकडे तोंड करून झोपायचीस."

ते खरं होतं. त्याचा तिला आणखीच राग आला.

बरी होऊन ती कामावर गेली, तर तिच्या यंत्रावर नवी मुलगी होती. मुकादम म्हणाला, "काही अडलं नाही हो तुमच्यावाचून." तो धीर द्यायला म्हणाला होता, ताईला ते दिवसभर टोचत राहिलं.

घरी येऊन ती पालथी पडली. "तेल घे. पाठ चोळ."

भावाने बाह्या सरसावल्या. त्याचा हात खरंच हलका होता. इतक्यात खालून शिंपीकाकांची हाक आली, "मामाऽ!"

तो उठू लागला. ताईने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"थांबू दे त्यांना," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "आज माझा नंबर."