मेंढरांनी पुसलेली जीप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकतो. विश्वास ठेवणं मला परवडलंच नसतं. कार्यक्रमवाल्यांना गावोगाव नेणं-आणणं हाच ज्याचा धंदा, त्यानं एकदा घाबरायला सुरुवात केली की गाडी विकून पिठाची गिरणीच टाकायची. आणि खरं सांगू का... "रस्त्यात चकवा लागला" असं माझ्या गाडीतले लोक म्हणायचे ना, तेव्हा तो चकवा वगैरे काही नसायचा. तो मीच असायचो.

गोष्ट नव्याण्णव-दोन हजारच्या आसपासची. माझ्याकडे एक जुनी जीप होती, मागं ताडपत्रीचं हूड. भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा, जागरण-गोंधळ, ओव्यांचे गट – दौंड आणि शिरूर तालुक्यात ज्याचा कार्यक्रम त्याची मी गाडी. लोक म्हणायचे, बाळूनं जेवढे कार्यक्रम बघितलेत तेवढे कुणी बघितले नसतील. बघितले कसले! स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरलो. एकदा तर यवतहून ऑर्केस्ट्रावाल्यांना उचललं आणि नेऊन सोडलं एका दहाव्याच्या प्रवचनाला. गिटारवाल्यानं वायर जोडून "हॅलो, चेक" म्हणेपर्यंत कुणालाच कळलं नाही. तिथून आम्ही कसे निघालो ते सांगत नाही. पळतच निघालो, एवढं समजून घ्या.

जीपबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहेत. एक – तिला मी हौसेनं म्युझिकल हॉर्न बसवला होता. ब्रेक कुरकुरायचे, दारं दोरीनं बांधलेली, पण हॉर्न मात्र नवरदेवाच्या वरातीतला. दुसरी – गाडी मी दिवाळीला धुवायचो. नंतर एकदम गुढीपाडव्याला.

तर, खुटबावच्या शिवारात आबांची वस्ती होती. आबा म्हणजे धनगरी ओव्यांतला नावाजलेला गडी. एक हात कानाला, दुसरा काठीवर, आणि देवाची आठवण काढून त्यांनी सुंबरान, म्हणजे ओवीची नांदी, मांडलं की माझ्यासारखा झोपाळूही डोळे उघडायचा. पण मी सांगतोय त्या दिवसाआधी वर्ष-दीड वर्ष आबा गायलेच नव्हते. गाणं सोडा, धड बोलतही नव्हते. त्यांच्या मुलानं, दशरथनं, मेंढरं विकली होती. त्याचंही चुकलं म्हणता येत नव्हतं – जिकडंतिकडं पाणी आलं, माळ फुटले, ऊस झाला. चारायला जायचं कुठं? बाजारात कळप तुकड्या-तुकड्यानं गेला. आबा त्या दिवशी घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली, आणि गळा बंद. दौंडच्या डॉक्टरनं टॉर्च मारून बघितलं. म्हणाला, घशाला काही झालेलं नाही.

माघात शिरूरच्या बाजूला, न्हावऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीत बिरोबाची यात्रा असते. तिथं सुंबरान मांडायचा मान वर्षानुवर्षं आबांचा. मागच्या वर्षी ते गेले नाहीत. यंदा पंचांनी निरोप धाडला – आबा उभे राहणार असतील तर या. नसतील तर आम्ही मान दुसऱ्या गटाला देतो, मनात राग धरू नका.

निघायच्या आधी दशरथ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाळू, गाडी नीट चालव. आज आबा न्हाई गायलं तर पुन्यांदा कवाच न्हाई गायचं. मला ठावं हाय."

"आन् गायले तर?"

"तर माझ्याशी बोलतील तरी." एवढं म्हणून तो मागं जाऊन बसला.

आबा पुढं, माझ्या शेजारी. घोंगडी मांडीवर, काठी दोन पायांच्या मधे. मागं दशरथ, सोपानमामा आणि गटातले आणखी दोघं. दुपार कलली होती. कारखान्याचा सीझन चालू, त्यामुळं चौफुल्यापासूनच उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली तरी पुढं तेच. मी म्हणालो, "काळजी नको. आपल्याला शॉर्टकट माहितीय."

मागून सोपानमामांचा आवाज आला, "आरं देवा! समद्यांनी आपापल्या घरी सांगावा धाडा रं. बाळूनं शाटकट काढला!"

"मामा, तुम्ही हूड खाली सोडा. धूळ येईल."

"धूळ यील ते ठीक हाय, आपुन कवा येनार ते सांग."

त्यांनी मागचं हूड आणि पुढच्या सीटमागचा पडदा, दोन्ही खाली सोडून बांधून घेतले. मी जीप डावीकडच्या कच्च्या रस्त्याला घातली. आता मामांना दोष देऊ नका – तो रस्ता मला माहीत होता, पण कुठं जातो ते माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. एकदा चाक पाण्याच्या चारीत गेलं, सगळ्यांनी उतरून ढकललं. मामांनी ढकलताना माझ्या चार पिढ्यांची आठवण काढली. परत बसलो. आबा यातलं काहीच बघत नव्हते. नजर समोर, जणू त्यांना कुठं नेतायत याच्याशी त्यांचा संबंध नाही.

मी एक वळण घेतलं आणि करकचून ब्रेक मारला.

समोर मेंढरं. रस्ता भरून. उसाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाठीच पाठी – पांढऱ्या, काळ्या, खैऱ्या. पुढं कुणी मेंढका नाही, मागं कुणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. मेंढरं आमच्याकडं तोंड करून उभी. चालत नव्हती, चरत नव्हती. नुसती उभी.

मग मी काय केलं? जे कोणताही शहाणा माणूस करणार नाही ते. माझा तो वरातीचा हॉर्न दाबला. पूर्ण गाणं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"हारन बंद कर!"

मी दचकून बाजूला बघितलं. आबा! आवाज घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण आवाज.

"लेकरं उभी ऱ्हायल्यात आन् पिपान्या कसल्या वाजवतो रं, येड्या?"

माझा हात हॉर्नवरून आपोआप खाली आला. आबा दोरी सोडून खाली उतरले. काठी टेकत जीपच्या पुढं गेले. सगळ्यात पुढं एक मेंढी होती, कपाळावर पांढरा ठिपका, एक कान जरा फाटलेला. आबा तिच्यापुढं वाकले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग ताठ झाले, एक हात कानाला लावला, आणि जिभेच्या टोकावरून लांबलचक साद काढली – "हुर्र्र्र..."

पहिली साद फाटकी निघाली. दुसरी जरा बरी. तिसरी अशी की उसाची पानं हलली असं मला वाटलं. वारा असेल.

आणि मेंढरं चालू लागली. पाण्यानं दगडाला वळसा घालावा तशी जीपच्या दोन्ही अंगांनी वाहत मागं गेली. मी आत बसून. पत्र्याला त्यांची अंगं घासत होती, जीप पाळण्यासारखी डुलत होती, लोकरीचा उबदार वास नाकात भरला. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हा लक्षात आलं नाही, पण नंतर आलं – एवढ्या मेंढरांत एकही ओरडलं नव्हतं. एकसुद्धा "बें" नाही.

शेवटचं कोकरू गेलं तसे आबा येऊन बसले. डोळे ओले होते, पण चेहरा हलका. काठीनं माझ्या गुडघ्याला टोचून म्हणाले, "चल की. बिरोबा काय तुझी वाट बघत बसनार हाय का?"

पुढं रस्ता आपोआप वाडीत निघाला. हा माझा आयुष्यातला एकमेव यशस्वी शॉर्टकट.

त्या संध्याकाळी आबांनी सुंबरान मांडलं. सुरुवातीला आवाज अडखळला, पंच एकमेकांकडं बघायला लागले, आणि मग तो जो लागला... मी पहिल्यांदाच एखादा कार्यक्रम जागा राहून बघितला. दशरथ मागं उभा राहून झील धरत होता आणि रडत होता, त्यामुळं त्याचा सूर पार गेलेला. ओवी संपल्यावर आबा वळून सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "दशा, नीट गा की. तुझ्यापरीस मेंढरं बरी." सगळी यात्रा हसली. दशरथ तर असा हसला की त्याला जणू फेटाच बांधला.

जेवताना मी म्हणालो, "काय कळप होता ना!"

सोपानमामांचा घास हातात राहिला. "कुठला कळप?"

"अहो, रस्त्यात! मेंढरं! गाडी किती वेळ उभी होती?"

"गाडी हालत हुती ते कळलं. आमी म्हनलं, ह्यानं परत चारीत घातली. आबांची साद आली तवा तर आमी गपच झालो. मेंढरं न्हाई बा ऐकली."

"उगं थापा मारू नगं, बाळू," दशरथ म्हणाला. पण नजर आबांकडं.

आबा शांतपणे भाकरी मोडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत येताना मी मुद्दाम त्याच रस्त्यानं गाडी घातली आणि त्या वळणावर थांबवली. आता शहरातल्या वाचकांसाठी सांगतो – मेंढरं जिथून जातात तिथं लेंड्या पडतात. हा निसर्गाचा नियम आहे, याला अपवाद नाही. पाच मेंढरं गेली तरी कळतं. इथं रस्ताभर कळप गेलेला. मी आणि दशरथ वाकून वाकून शोधत होतो. फुफाट्यात माझ्या टायरांचे माग होते, आबांच्या पायतणांचे होते, काठीची टोकं उमटली होती. खूर एक नाही. लेंडी एक नाही.

बाजूच्या उसात एक शेतकरी पाणी देत होता. त्याला विचारलं. तो खोऱ्यावर रेलून म्हणाला, "हिकडं मेंढरं? दोन्हीकडं ऊस हाय, पाव्हनं. मेंढरं शिरू दिली तर माझी बायको मलाच बाजारात निऊन इकंल."

सोपानमामांना जोर चढला. "बघा! मी काय म्हनत हुतो? बाळ्याला उनाचा भास झाला. आबांना ह्यानंच नादी लावलं."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. कबूल करून टाकावं म्हणून वळलो, आणि जीपकडं बघितलं.

मघाशी सांगितलं ना, दिवाळीनंतर गाडी धुतली नव्हती? टपापासून खालपर्यंत धुळीचा थर, दारावर खालच्या अंगाला तर कुण्या पोरानं बोटानं माझं नाव आणि पुढं एक प्राणी लिहून ठेवलेला. तो प्राणी अर्धाच उरला होता. तो जिथं अर्धा तुटला त्या रेषेपासून चाकापर्यंत, दोन्ही अंगांनी, पत्रा लख्ख पुसलेला. मूळचा हिरवा रंग दिसत होता, जो मीही विसरलो होतो. रेषा कुठवर? दशरथनं हात लावून बघितलं. मांडीच्या जरा खाली. मेंढीच्या पाठीइतकी.

मामा खाली सोडलेलं हूड वर बांधायला लागले.

मी जीपमधे चढून आबांना विचारलं, "आबा, कुणाची मेंढरं होती ती?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू दहाव्यातल्या ऑर्केस्ट्रापेक्षा मोठा गाढवपणा मी आत्ताच केलाय.

"आपलीच की," म्हणाले. "दुसऱ्याची माझं कशाला ऐकत्याल?"

नंतर दशरथनं बाजारात चौकशी केली. कळप कुठं कुठं फुटून गेला, काही पत्ता लागला नाही. पण त्या पावसाळ्यात त्यानं आबांना दोन कोकरं आणून दिली, दारात बांधण्यापुरती. आबा पुढं बरीच वर्षं गायले, मी त्यांना नेत-आणत राहिलो. शिकलेल्या लोकांना हे सांगितलं की कुणी म्हणतं सामूहिक भास, कुणी म्हणतं आदल्या दिवशी तू कुठंतरी उसात गाडी घासली असशील. असेलही. मला काही सांगता येत नाही, तुम्हाला जमत असेल तर सांगा... पण आधी त्या लेंड्यांचं काय ते सांगा.

जीप गेली, आता दुसरी गाडी आहे. भुतांवर अजूनही विश्वास नाही. म्युझिकल हॉर्न मात्र त्याच आठवड्यात काढून टाकला. आणि त्या वळणावर आलो की इंजिन बंद करतो, क्षणभर थांबतो. कुणी आडवं नसतं. पण आधी त्यांना जाऊ द्यावं, एवढंच.