मातामायच्या पाण्यावर

चूक माझीच होती. भिलाईला मुलाकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणतो, बऱ्याच वर्षांनी भंडाऱ्याला आल्या होत्या. त्यांना एकच ठिकाण पाहायचं होतं, आणि मी त्यांना एका दिवसात सगळा जिल्हा दाखवायला निघालो. सकाळी रावणवाडीचा तलाव, मग पवनीचा जुना तट, दुपारी गोसीखुर्द, संध्याकाळी आंभोऱ्याचा पूल. प्रत्येक जागी मी फोटो काढायचो आणि घड्याळ पाहायचो.

त्यांचं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं आहे. गावच्या देवीसाठी, मातामायसाठी, त्यांनी खण-नारळ आणला होता. ती ओटी पाहून मी गाडीतच म्हणालो, "तिथं नुसतं पाणी आहे, मामी. ओटी घेणार कोण?" बायकोनं माझ्याकडे रागानं पाहिलं. मामींनी ओटी पदराखाली घेतली.

जलाशयाकाठी मी त्यांना चहाच्या टपरीवर बसवलं आणि बायकोला घेऊन फोटो काढायला गेलो. परत आलो तर बाकडं रिकामं. हाका मारल्या, हॉर्न वाजवला. बायको रस्त्याच्या बाजूला धावली, मी काठाच्या. समोर पाणीच पाणी, आणि मनात नको ते विचार. एरवी देवळात हात जोडताना मला लाज वाटते. त्या दिवशी, जिची मी थट्टा केली होती, तिलाच म्हणालो, माय, म्हातारीला सांभाळ. माझ्या हातात आता काही नाही.

तेवढ्यात डोंग्याशेजारी जाळं सांधणाऱ्या एका ढिवरानं विचारलं, "कोनाले शोधून राहिले जी?"

"सासूले. हिरवं लुगडं आहे."

"तुमीच काय जवाई? माय म्हने, हारन वाजवत येईल थो मानूस माहा जवाई," तो हसला. "थे पाहा, झाडाखाली बसली हाये. मातामायचं देऊळ कोठं बुडालं, पुसत होती."

"ते आता कोणाला सापडणार?"

"आमाले ठाव हाये ना. थ्या जागी आमी जाळं नाही टाकत. खाली माय बसली हाये, तिच्या अंगावर जाळं कसं टाकाचं?"

मी बायकोला हाक मारली, आणि त्यानं मामींसह आम्हा तिघांना डोंग्यातून नेलं. एका जागी वल्हं थांबवून म्हणाला, "हेच." मला तिथलं पाणी चारी बाजूंसारखंच दिसलं. मामींनी मात्र ओटी सोडली आणि गालावरून हात फिरवावा तसा पाण्यावरून हात फिरवला.

तो माणूस नेमका तिथं कसा भेटला, याचा मी कीस पाडत नाही. माझी सगळी आखणी मोडली तेव्हाच आम्ही पोहोचायचं तिथं पोहोचलो, एवढं कळलं. तेव्हापासून थोडं मातामायवर सोडायला शिकतो आहे. रोज जमतंच असं नाही.

डोंगा काठाला लागण्याआधी मी मामींच्या पायांना हात लावला. म्हणालो, "मामी, मी तुमच्या देवीला आणि तुमच्या गावाला नुसतं पाणी म्हणालो. माझं चुकलं. मला माफ करा."