डब्यावरचा लाल दिवा

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. पिढ्यान् पिढ्या बंगळुरातच वाढलेल्या मराठी घरातला माणूस. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आमची यंत्रं म्हणजे बोअरवेलमध्ये उतरवायचे छोटे डबे. तासातून एकदा जागे होऊन ते पाण्याची पातळी नोंदवत. मधल्या वेळात डबा झोपे, पण झोपेतही बॅटरी खाई. ते खाणं कमी करायचं, एवढंच अण्णांचं काम.

झोपलेला डबा किती वीज खातो ते दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा बघताना ते श्वास रोखून धरत. मी मध्येच काही विचारलं तर बोट वर करून म्हणत, “स्वल्प थांबा.” दोन वर्षं खपून त्यांनी बॅटरी वर्षभर पुरेल असं केलं होतं.

एका सकाळी मालक येऊन म्हणाले, “अण्णा, डब्यावर लाल दिवा हवा. दिवा दिसला नाही की गिऱ्हाइकाला डबा मेलेला वाटतो.”

“दिवा सतत चालू राहिला तर बॅटरी महिन्याभरात संपेल, सर. आणि बोअरमध्ये तो बघणार कोण?”

“उतरवायच्या आधी बघतात ना!”

“सरी, ठीक आहे,” अण्णा म्हणाले.

मला वाटलं होतं, भांडतील. मीही दिवे मोजून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी तयार असलेल्या चाळीसच्या चाळीस डब्यांना दिवे जोडले, एकदाही मीटर न लावता. संध्याकाळपर्यंत टेबल लाल झालं. आणि शेजारी बसून मला पहिल्यांदाच त्यांचा श्वास ऐकू येत होता, संथ, एकसारखा.