पेवावरची कंपोस्टची पाटी

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, पुढे माझी पार शोभा होणार आहे!

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झालेली, आणि माझं नवं नवं लग्न. पहिल्या संक्रांतीला सासुरवाडीला, सुलतानपूरला गेलो. मी बुलढाण्यात कापडाच्या दुकानात कामाला. शेतीतलं मला काय कळणार? पण नवा जावई म्हणजे तोरा आलाच!

गावात तेव्हा कंपोस्टचं वारं शिरलं होतं. विकास ब्लॉकच्या सरकारी लोकांनी खतखड्ड्यांची स्पर्धाच लावली होती. सासूबाई कांद्याचं सालसुद्धा वाया जाऊ देत नसत. चुलीतली राख, ताटातलं उष्टं, सगळं खड्ड्यात! मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पहिल्या नंबरासाठी जिवाचं रान केलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मामाजी खड्डे तपासणाऱ्या ब्लॉकच्या साहेबांना आणायला फाट्यावर गेले, आणि साहेबांची जीप आली आडवाटेने थेट दारात! घरात पुरुष माणूस मी एकटाच. मग काय विचारता!

"या साहेब, मी दाखवतो!"

अंगणाच्या कडेला मातीने बुजवून शेणाने लिंपलेली जागा, वर पाटी, 'कंपोस्ट खड्डा'. आणखी काय पुरावा हवा? मी कुदळीने लिंपण फोडलं, खालचा कडबा ओढून काढला. आतून असा कोंदट, आंबूस वास आला म्हणता!

साहेब खूश. "वा! काय कुजलं हाये!"

मी फुगलो. "आमच्या सासूबाईंच्या हातचं आहे साहेब!"

आणि ऐटीत फावडं आत घालून वर काढलं, तर काय? ज्वारी! पांढरी, टपोरी ज्वारी!

तेवढ्यात मामाजी धापा टाकत आले.

"जावईबापू! हे काय करून राह्यले तुम्ही? काऊन उकरलं ते?"

"मामाजी, कंपोस्ट..."

"कंपोस्ट गोठ्यामागं हाये! हे पेव हाये, पेव!"

तुम्ही पेव कुठून पाहिलं असणार म्हणा! धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार ते. त्या साली सरकारची लेव्ही होती. प्रत्येकाला ज्वारीचा वाटा सरकारला घालावा लागे. मामाजींनी घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेवात दडवून वर ही खोटी पाटी रोवली होती. नव्या जावयाला असली गुपितं कोण सांगतं? आणि जावयाने ती सरकारी माणसासमोरच उघडी पाडली! मामाजींच्या तोंडाकडे बघवेना.

साहेबांनी मूठभर दाणे उचलले, मामाजींकडे पाहिलं, आणि दाणे परत आत सोडले.

"पाटील, मी खताचा साहेब. मले फक्त खत दिसते. झाका ते लवकर."

असे साहेब आता कुठे भेटतात हो? पेवं बुजली, मामाजीही गेले. तो दिवस आठवला की आधी हसू येतं, मग मामाजी आठवतात.

मग गोठ्यामागचा खरा खड्डा उघडला. काळंभोर, भुसभुशीत खत! पहिला नंबर मामाजींचाच. बक्षीस काय, तर नवंकोरं फावडं!

साहेब मिश्कील. ते फावडं त्यांनी माझ्यापुढे धरलं. "घ्या जावईबापू, तुमच्या हातानं घ्या."

मी हात पुढे केला, तोच मामाजी आडवे!

"साहेब, पाहिजे तर नंबर परत घ्या, पण आमच्या जावयाच्या हाती फावडं देऊ नका!"