पखवाजाची कणीक

आमचे लग्न झाले तेव्हा हे अजून शिकत होते. पुढे प्राध्यापक झाले, वाशिमच्या कॉलेजात भूगोल शिकवला. मी चौथी पास होते, चौथी पासच राहिले. ते निवृत्त झाल्यावर आम्ही रिठदला परत आलो. मला वाटले, आता हे ओट्यावर बसून दिवसभर चहा मागणार. तसे काही झाले नाही. सकाळी नातीची वेणी घालतात, ती वाकडीच असते. तिला शाळेत सोडून तिथेच तासभर सातवीला शिकवतात. दुपारी म्हाताऱ्यांचे अर्ज लिहितात. संध्याकाळी बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत परीक्षा देणारी पोरे वाट बघत असतात. अधूनमधून कुणाला तरी डोळे दाखवायला वाशिमला नेतात. माणूस कामाचा आहे, हे मला कबूल करावे लागते.

गुरुवारी देवळात भजन असते आणि त्यात पखवाज यांचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्याशिवाय आवाज भरत नाही. ती कणीक मी मळून देते. आधी आवळ्याएवढी लागायची. मग लिंबाएवढी लागू लागली. यंदा एका गुरुवारी त्यांनी अख्ख्या पोळीचा गोळा उचलला.

"पखवाजाले जेवू घालून राह्यले काय?" मी म्हटले.

"आवाज भरून नाही राह्यला. तुही कनीकच ढिली असते."

मला राग आला. माझ्या कणकेला सासूनेही कधी नाव ठेवले नव्हते. त्या दिवशी मी भजनाला गेले आणि नेहमीसारखी मागे न बसता पुढे बसले. पखवाज धप्प धप्प वाजत होता, भरल्या पोत्यावर बुक्क्या मारल्यासारखा. गाणारे खाली बघत गात होते. हे मात्र खुशीत.

भजन संपल्यावर मी मुख्य गाणाऱ्याला गाठले. शेतकरी माणूस, यांचा जुना सोबती.

"भाऊ, तुमाले आयकू येत नाही काय?"

"येते न वैनी. पन सरायले कोन सांगन? माह्या मायचे डोये त्यायनंच करून आनले. तुमीच सांगा बापा."

एवढे बोलून तो चपला घालून निघून गेला. टाळवाल्याच्या पोराला यांनी शिकवले होते, पेटीवाल्याचा अर्ज यांनी लिहिला होता. सगळ्यांची तोंडे अशी बंद.

मी जेवताना सांगितले, "कनीक ठीक हाये. तुमाले कमी आयकू येऊन राह्यलं."

"कोन म्हन्ते?"

"मी. बाकीचे भेतात."

"मले कायले भेतात? मी कधी कोनाले वाकडं बोललो?"

"बोलले असते त बरं होतं. त्यायनंबी तुमाले तोंडावर सांगतलं असतं."

सून वाढता वाढता थांबली. यांनी अर्धी भाकर ताटात तशीच ठेवून हात धुतला. दोन दिवस पाणीसुद्धा सुनेकडेच मागितले. शाळा आणि अर्ज लोकांसाठी, पखवाज तेवढा स्वतःसाठी. तो सुटला तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होते. तरी सांगितल्याचे वाईट वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी, जिथे दुसऱ्यांना नेत त्याच दवाखान्यात स्वतः कानाच्या रांगेत उभे राहिले. कानाचे मशीन घेऊन आले. त्याने माणसांचे बोलणे कळू लागले, पण पखवाज पत्र्याचा डबा वाजल्यासारखा ऐकू येतो म्हणाले.

पुढच्या गुरुवारी हे भजनाला जाणार नाहीत असे मला वाटले. गेले. सगळे बसल्यावर म्हणाले, "मले आता सूर समजत नाही. कनीक मी लावतो, कमी-जास्त तुमी सांगा. जो लाजन त्याचा अर्ज मी लिहिनार नाही."

लोक हसले, एकमेकांकडे बघू लागले. शेवटी गाणारा म्हणाला, "सर, काढा थोडी." यांनी काढली. "आखीन काढा." आणखी काढली. मग मशीन खिशात टाकून वाजवायला घेतले.

तिसऱ्या भजनात यांचा ठेका मागे पडला. टाळवाला टाळ थांबवून ओरडला, "सर, मांगं राह्यले न!" यांनी मान वर केली, हसले आणि ठेका पकडला.

आता तर ते यांना काहीही बोलतात. परवा एकाने विचारले, "सर, आज हात हाये का नांगर?" जरा जास्तच होते, असे मला वाटते. हे मात्र दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात.